लिंकनच्या किल्ल्यातला जंगलाचा कागद

एकतीस वर्षं मी जंगल खात्यात काढली. बीटगार्ड म्हणून लागलो, वनपाल म्हणून निवृत्त झालो. मागच्या मे महिन्यात मी आणि ही नॉटिंगहॅमला लेकीकडे दीड महिना राहून आलो. एका दिवसात जाऊन येण्यासारख्या ठिकाणांची तिनं यादीच करून ठेवली होती. त्यात लिंकनचं नाव दिसल्याबरोबर मी म्हटलं, बाकी काही राहिलं तरी चालेल, हे चुकवायचं नाही. लेकीला वाटलं, बाबांना किल्ला बघायचाय. तो बघायचा होताच. पण त्या किल्ल्याच्या आवारात जमिनीखालच्या एका खोलीत १२१७ सालचा एक कागद ठेवलेला आहे, जंगलाची सनद. नोकरीत असताना एका प्रशिक्षणात तिच्याबद्दल पहिल्यांदा ऐकलं होतं. तेव्हापासून ती एकदा डोळ्यांनी बघायची होती.

आम्ही चौघं निघालो. मी, ही, लेक आणि नऊ वर्षांचा नातू. नॉटिंगहॅमहून लिंकनला थेट गाडी आहे, तासाभराचा प्रवास. सगळा मुलूख सपाट, शेतंच शेतं. त्यामुळे गाव यायच्या बऱ्याच आधी टेकडीवरचं कॅथीड्रल दिसायला लागतं. खिडकीची जागा मिळाली तर सोडू नका.

स्टेशनाबाहेर पडल्यावर जॉर्ज बूलचा पुतळा आहे, मुलांना शिकवतानाचा. लेक संगणकातली, ती तिथेच थबकली. आजचा प्रत्येक संगणक ज्या हो-नाहीच्या गणितावर चालतो, ते या माणसानं मांडलं. १८१५ साली तो याच गावात जन्मला आणि पुढे इथेच शाळा चालवायचा. त्याची बायको मेरी ही सर्वेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी, म्हणजे ज्याचं नाव शिखराला दिलं त्या एव्हरेस्टची. हे मी नातवाला सांगितलं, तर त्यानं पुतळ्याच्या हाताला हात लावून बघितला.

स्टेशन खाली आणि किल्ला वर, हे आधीच ध्यानात घ्या. गावातली माणसंही गावाचे असे दोनच भाग मानतात, वरचा आणि खालचा. खालच्या भागात बाजाराचा सरळ रस्ता आहे. त्यावर एक जुना पूल लागतो, हाय ब्रिज. बाराव्या शतकातला हा पूल, आणि त्याच्यावर सोळाव्या शतकातली लाकडी चौकटीची इमारत अजून उभी आहे. रस्त्यानं सरळ चालत गेलात तर पूल आलेला कळतही नाही. बाजूच्या पायऱ्या उतरून नदीच्या काठावरून वर बघायचं, तेव्हा कमानीवर बसलेलं घर दिसतं. पुढे स्टोनबो नावाची वेस. तिच्याखालून गेलं की चढ सुरू.

या चढाचं नाव स्टीप हिल. सातास एक असा चढ आहे, म्हणजे सात पावलं पुढे गेलात की एक पाऊल वर. खाली दगडी फरशी, कडेला धरायला लोखंडी कठडा. हिचा उजवा गुडघा गेली चार वर्षं दुखतो, म्हणून ही आणि नातू टॅक्सीनं वर गेले, मी आणि लेक चालत. कुणाबरोबर म्हातारं माणूस असेल तर हेच करा. वर नेणारी बसही असते. पण गुडघे धड असतील तर चालतच जा, कारण हा रस्ता म्हणजे अर्धी सहल आहे. दोन्ही बाजूंना छोटी दुकानं, जुन्या पुस्तकांची, चहाची. आणि चढ सुरू होतो तिथेच ज्यूज हाउस नावाचं बाराव्या शतकातलं दगडी घर, दाराच्या कमानीवर कोरीव काम. साडेआठशे वर्षांचं अजून वापरात असलेलं घर क्वचितच कुठे बघायला मिळतं.

त्या घरापाशी लेकीनं मला थांबवलं. एके काळी लिंकनमध्ये ज्यू कुटुंबांची मोठी वस्ती होती. १२५५ मध्ये ह्यू नावाचा एक लहान मुलगा विहिरीत मेलेला सापडला आणि ज्यूंनी विधीसाठी त्याचा बळी दिला अशी आवई उठली. त्यावरून एकोणीस ज्यूंना फासावर चढवलं. १२९० मध्ये तर राजानं सगळ्या ज्यूंना इंग्लंडबाहेर काढलं. वर कॅथीड्रलमध्ये त्या मुलाच्या थडग्यापाशी आता एक पाटी आहे. अशा गोष्टी खोट्या होत्या आणि त्यांनी निरपराध माणसांचे जीव घेतले, असं चर्चनंच तिच्यावर लिहून ठेवलंय. ती पाटी जरूर वाचा. सुंदर इमारतींच्या नादात हे मागे पडायला नको.

चढ संपला की उजवीकडे कॅथीड्रल, डावीकडे किल्ला आणि मध्ये एक लहानसा चौक. ही आणि नातू बाकावर बसून आमचीच वाट बघत होते.

किल्ल्याच्या आवारात जायला पैसे पडत नाहीत. हिरवळ, बाकं, चहाचं दुकान, स्वच्छतागृह, सगळं दरवाजातून आत गेल्यावर मोकळं आहे. तिकीट लागतं ते तटावर फिरायला, जुना तुरुंग बघायला आणि सनदांच्या खोलीत जायला. तिन्हींचं मिळून एकच तिकीट काढता येतं, मोठ्या माणसाला साधारण पंधरा ते वीस पौंडांच्या घरात. दर बदलत असतात, निघण्याआधी बघून घ्या. महाग वाटेल, पण आम्ही दहा वाजता आत गेलो आणि अडीचला बाहेर पडलो, एवढं बघायला आहे.

आता माझं मुख्य सांगणं. बहुतेक लोक आत शिरल्या शिरल्या सनदांच्या खोलीत जातात, कारण तिथे मॅग्ना कार्टा आहे, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी प्रसिद्ध सनद, आणि तिचं नाव ऐकलेलं असतं. तसं करू नका. आधी तटावर जा, मग तुरुंग, आणि सनदा शेवटी. का ते पुढे कळेलच.

तटाची फेरी पुरी होते, कुठेही तुटलेली नाही. अंतर जेमतेम अर्धा किलोमीटर. चढायला गोल जिना आहे आणि एका ठिकाणी लिफ्टही आहे, म्हणून हिलाही वर येता आलं. लिफ्टनं आलेल्या माणसाला सगळी फेरी मात्र करता येत नाही, पुढे पायऱ्या लागतात. ही जिथवर सपाट होतं तिथवर आली आणि मग एका कोपऱ्यात उभी राहून कॅथीड्रलचे मनोरे बघत बसली. ऐकत फिरायला यंत्रही मिळतं, नातवानं ते कानाला लावलं ते शेवटपर्यंत काढलं नाही.

किल्ला विल्यम राजाच्या हुकमानं १०६८ मध्ये बांधायला घेतला. इंग्लंड जिंकून दोन वर्षंही पुरती झाली नव्हती. जागा रिकामी नव्हती, आधी रोमन लोकांचा कोट होता, त्यात वस्ती होती. किल्ल्यासाठी १६६ घरं पाडली, आणि हा आकडा त्याच राजाच्या मोजणीच्या दप्तरात नोंदलेला आहे. धरण नाहीतर अभयारण्य झालं की गावं उठतात, ती मी जवळून बघितली आहेत. त्यामुळे तटावर उभं राहून खालच्या हिरवळीकडे बघताना मला तो १६६ आकडा सारखा दिसत होता. कोण होती ती माणसं, कुठे गेली, दप्तरात एवढंच की घरं पडली.

या किल्ल्याला मातीची दोन टेकाडं आहेत, आणि दोन टेकाडांचा असा दुसरा किल्ला इंग्लंडात फक्त लुईसला आहे. एका टेकाडावर लूसी टॉवर. दुसऱ्यावरच्या बुरुजाला ऑब्झर्व्हेटरी टॉवर म्हणतात, कारण एकोणिसाव्या शतकात इथल्या तुरुंगाच्या गव्हर्नरला तारे बघायचा नाद होता आणि त्यानं वर एक छोटा मनोरा चढवून घेतला. तिथून गाव, शेतं आणि ट्रेंट नदीकडचा सखल मुलूख दूरवर दिसतो. वारा मात्र जबरदस्त असतो. मे महिन्यातही कानटोपी हवी होती.

तिथेच मला बहिरी ससाणा दिसला. कॅथीड्रलच्या मनोऱ्यावर त्यांचं घरटं असतं, हे मला आधी ठाऊक नव्हतं. मनोऱ्यावरून एक पक्षी सुटला, पंख आखडून तिरपा खाली आला, आणि कबुतरांचा थवा फुटला. मी ओरडून नातवाला दाखवलं. शेजारी दुर्बीण घेऊन उभ्या असलेल्या एका बाईंनी ती लगेच माझ्या हातात दिली. मनोऱ्याच्या कंगोऱ्यावर तो बसला होता, डोळ्यांखालच्या काळ्या मिश्यासुद्धा दिसल्या. उभ्या नोकरीत मी तो इतक्या जवळून पाच-सहा वेळाही पाहिला नसेल.

आता लढाईची गोष्ट. ती तटावर उभं राहूनच समजते. १२१६-१७ मध्ये इंग्लंडात यादवी चालू होती. जॉन राजा मेला होता, गादीवर त्याचा नऊ वर्षांचा मुलगा तिसरा हेन्री. बंडखोर सरदारांनी फ्रान्सच्या राजपुत्राला बोलावून घेतलं होतं आणि लिंकनचं गाव त्यांच्या ताब्यात गेलं होतं. किल्ला मात्र गेला नव्हता. किल्ला धरून बसली होती एक म्हातारी बाई, निकोला द ला हे. बापाकडून तिच्याकडे किल्लेदारी आली होती. आदल्याच वर्षी जॉन राजा इथे आला तेव्हा ती किल्ल्या हातात घेऊन त्याच्यासमोर गेली, माझं वय झालं, आता हे ओझं झेपत नाही म्हणाली. राजानं किल्ल्या तिच्याच हातात परत दिल्या. त्याच वर्षी तिला लिंकनशर परगण्याची शेरिफही नेमलं. पुढे वेढा पडला तरी तिनं किल्ला सोडला नाही.

२० मे १२१७ रोजी बाल राजाच्या बाजूनं विल्यम मार्शल फौज घेऊन आला. त्याचंही वय सत्तरीच्या आसपास. त्याची काही माणसं किल्ल्यात शिरली आणि इथूनच धनुर्धाऱ्यांनी गावातल्या बंडखोरांवर बाण सोडले. किल्ला आणि कॅथीड्रल यांच्या मधल्या जागेत, जिथे ही आणि नातू बाकावर बसले होते, तिथेच हातघाईची लढाई झाली आणि बंडखोर त्याच उतारावरून, ज्यानं आम्ही चढून आलो, खाली पळत सुटले. नंतर जिंकलेल्या फौजेनं गाव लुटलं. बायका मुलं होड्यांत बसून नदीनं पळाल्या आणि त्या होड्या उलटून किती तरी बुडाल्या. नातवानं विचारलं, “आजोबा, राजा खरंच नऊ वर्षांचा होता?” मी म्हटलं, तुझ्याएवढाच. त्यावर तो काही बोलला नाही. नंतर मात्र दिवसभर त्या राजाबद्दलच विचारत राहिला.

निकोलाबद्दल किल्ल्यात माहिती आहे, पण माझ्या मते अजून कितीतरी जास्त हवी. ज्या बाईनं हा किल्ला राखला, तिचं नाव बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पोराच्या तोंडी असायला हवं.

लूसी टॉवर आतून मोकळा आहे, वर छप्पर नाही, नुसता दगडी कडा आणि आत झाडं. त्या झाडांखाली तुरुंगातल्या कैद्यांची थडगी आहेत. छोटे छोटे दगड, त्यांवर पूर्ण नावही नाही, फक्त आद्याक्षरं. फाशी दिलेल्यांना इथे पुरायचे. १८५९ पर्यंत कॉब हॉल नावाच्या बुरुजाच्या माथ्यावर उघड्यावर फाशी द्यायचे आणि खाली रस्त्यात माणसं बघायला जमायची. पुढे १८७२ मध्ये मारवुड नावाच्या चांभाराचा धंदा करणाऱ्या माणसानं माणसाच्या वजनाप्रमाणे दोराची लांबी ठरवून पहिल्यांदा फाशी दिली ती इथेच. आधी माणूस गुदमरून तडफडत मरायचा, या पद्धतीनं मान मोडून लगेच जातो. हे वाचलं आणि ही म्हणाली, “अहो, मी बाहेर थांबते.” ती बाहेर गेली. मी थोडा वेळ त्या झाडांखाली उभा राहिलो. पाखरं ओरडत होती, वारा अजिबात नव्हता.

तुरुंगाच्या इमारतीचा एक भाग अठराव्या शतकाच्या शेवटचा, कर्जबुडव्यांना ठेवण्यासाठी बांधलेला, आणि मागचा भाग १८४८ चा. त्या नव्या भागात एकेका कैद्याला एकेका खोलीत पूर्ण वेगळं ठेवायचे, कुणी कुणाशी बोलायचं नाही, एकमेकांचं तोंड बघायचं नाही. एकटा राहिला की माणूस सुधारेल, असा तेव्हाचा समज. भिंतींवर चित्रफिती दाखवून त्या कैद्यांच्या गोष्टी सांगितल्या आहेत, लहान मुलांना आवडतील अशा. पण खरी बघायची जागा म्हणजे वरचं प्रार्थनागृह. तिथे प्रत्येक कैद्यासाठी उभा लाकडी कप्पा आहे, दोन कप्प्यांमध्ये बंद दार. आत उभ्या माणसाला समोरचा पाद्री तेवढा दिसायचा, शेजारचा माणूस दिसायचा नाही. पाद्रीच्या जागेवर तुम्हाला उभं राहता येतं, आणि तिथून कप्प्यांमधून नुसती डोकी दिसतात. प्रार्थनेलाही माणसाला माणूस दिसू द्यायचा नाही, हे लाकडात एवढं नीट करून ठेवलेलं मी कुठे पाहिलं नाही. १८७८ मध्ये तुरुंग बंद झाला. आवारातलं न्यायालय मात्र बंद झालेलं नाही, आजही तिथे खटले चालतात. आम्ही हिरवळीवर बसलो होतो तेव्हा काळे झगे हातावर टाकून वकील ये-जा करत होते.

मग आम्ही सनदांच्या खोलीत गेलो. आधी एका वळत्या पडद्यावर मॅग्ना कार्टाची फिल्म दाखवतात. ती चांगली आहे, मुलांना समजते. त्यानंतर आत अंधारी खोली, शाई उडू नये म्हणून उजेड अगदी मंद. डोळे सरावेपर्यंत थांबावं लागतं. १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या चारच मूळ प्रती उरल्या आहेत, त्यातली ही एक. इथला बिशप ती सनद झाली तेव्हा हजर होता आणि हा कागद तेव्हापासून लिंकनचाच. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी तो अमेरिकेत प्रदर्शनाला गेलेला होता, तिकडेच अडकला आणि शेवटी अमेरिकेचं सोनं ठेवतात त्या फोर्ट नॉक्समध्ये सुरक्षित राहिला. कागद म्हणतोय, पण आहे ते कमावलेलं कातडं, आणि अक्षर एवढं बारीक की ओळी म्हणजे मुंग्यांच्या रांगा वाटतात.

लोक तिथे थांबतात, एकमेकांना दाखवतात आणि निघतात. शेजारीच जंगलाची सनद आहे. आम्ही तिथे पाऊण तास होतो. तेवढ्यात तिच्यासमोर अर्धा मिनिटसुद्धा कुणी थांबलं नाही. म्हणून हे सगळं लिहायला बसलो.

६ नोव्हेंबर १२१७. म्हणजे ज्या लढाईची जागा आपण तटावरून बघून आलो, तिच्यानंतर साडेपाच महिन्यांनी. लढाई जिंकलेला तोच विल्यम मार्शल कारभारी, आणि राजा दहा वर्षांचा, त्याला स्वतःची मोहर नाही, म्हणून मार्शलच्या आणि पोपच्या वकिलाच्या मोहरेनं ही सनद निघाली. १२१७ च्या मूळ प्रती आता दोनच उरल्या आहेत, एक डरहॅमला आणि एक ही. म्हणूनच मी म्हटलं, आधी तट. वर लढाई बघितलेली असली की खाली या कागदाला जीव येतो.

तेव्हा फॉरेस्ट म्हणजे नुसती झाडी नव्हे. राजाच्या शिकारीसाठी राखलेला मुलूख, त्यात गावंही आली आणि शेतंही. हरीण मारलं तर डोळे काढायचे, हातपाय तोडायचे, जीव घ्यायचा. लेकीनं मला सनदेचं इंग्रजी भाषांतर छापून दिलं होतं आणि ते घेऊनच मी त्या काचेसमोर उभा राहिलो. दहावं कलम म्हणतं की यापुढे आमच्या हरणांपायी कुणाचा जीव किंवा अवयव जाणार नाही. दंड भरायचा, पैसे नसतील तर एक वर्ष आणि एक दिवस कैद. सहावं कलम कुत्र्यांबद्दल. शिकार करू नये म्हणून कुत्र्याची पुढच्या पायाची तीन नखं छाटायची पद्धत होती, ती कुठे लागू आणि कुठे नाही हे ठरवून दिलंय. तेरावं कलम सांगतं की स्वतंत्र माणसाला आपल्या रानातल्या ससाण्यांच्या, गरुडांच्या, बगळ्यांच्या घरट्यांवर हक्क आहे आणि तिथे सापडलेला मधही त्याचाच. दोन तासांपूर्वीच मी ससाणा बघून आलो होतो.

आणि चौदावं कलम. जंगलातून माल न्यायला जो नाक्याचा कर घ्यायचे, त्याबद्दलचं. गाडीला अर्ध्या वर्षाचे दोन पेनी, ओझ्याच्या घोड्याला अर्धा पेनी. त्याखाली हे, की जे लोक सरपण, साल किंवा कोळसा पाठीवर वाहून विकायला नेतात, त्यांचं पोट त्यावरच चालत असलं तरी, त्यांच्याकडून यापुढे हा कर घ्यायचा नाही.

मी ते तिथेच मोठ्यानं वाचलं, मराठीत करून, हिच्यासाठी. माझं अर्धं आयुष्य नाक्यावर गेलं. पहाटे डोक्यावर मोळ्या घेऊन बायका यायच्या, मी पावती पुस्तक घेऊन उभा. वरून हुकूम असायचा तसं वागलो. काही वेळा मोळी जप्त केली, ते आठवतं. आठशे वर्षांपूर्वी इंग्लंडात कुणीतरी लिहून ठेवलं होतं की पाठीवरचं ओझं सोडा, आणि ते मला चाळिशीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. ही माझ्या हाताला धरून उभी होती. आमच्या क्वार्टरच्या ओट्यावर त्या बायकांना पाणी हीच द्यायची.

हे हक्क स्वतंत्र माणसांपुरते होते. ज्यांना जमिनीशी बांधून ठेवलेलं होतं त्या कुळांना बहुतेक कलमांचा उपयोग नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवं. तरी हा कायदा टिकला किती, तर १९७१ पर्यंत. मॅग्ना कार्टाइतकंच या सनदेला तिथे उभं करून सांगायला हवं. एक छोटा फलक आहे, तो पुरत नाही. कलमांचं सोप्या इंग्रजीतलं भाषांतर काचेशेजारी ठेवलं तर माणसं नक्की थांबतील. जाण्याआधी घरूनच वाचून जा, छापून न्या.

जेवणाचं फार सांगण्यासारखं नाही. उतारावरच्या एका चहाच्या दुकानात आम्ही सव्वातीनला गेलो तर टेबलं रिकामी असून बंद करतोय म्हणून सांगितलं, हिला दोन मिनिटं बसूही दिलं नाही. तेव्हा दुपारचं खाणं लवकर उरका. इथला प्लम ब्रेड प्रसिद्ध आहे, सुक्या मेव्याचा गोडसर पाव. जुन्या कृतीत डुकराची चरबी घालतात, शाकाहारी असाल तर विचारूनच घ्या. आम्हाला लोण्यातला मिळाला, तो छान होता. बरोबर इथलं चीज घेतलं, त्याचं नाव लिंकनशर पोचर, म्हणजे चोरून शिकार करणारा. ते नाव वाचून मला पुन्हा दहावं कलम आठवलं.

किल्ल्याच्या उत्तरेला पाच मिनिटांवर न्यूपोर्ट आर्च आहे, रोमन लोकांनी बांधलेली वेस, जिच्याखालून आजही मोटारी जातात. नातवाला ती फार आवडली. आम्ही गेलो, बघितली, परत आलो.

कॅथीड्रलला दुपारचा उरलेला वेळ दिला आणि तो कमी पडला. मधल्या मनोऱ्यावर पूर्वी कळस होता, १३११ पासून १५४८ पर्यंत. तो धरून उंची १६० मीटर सांगतात, इजिप्तच्या पिरॅमिडहूनही जास्त. वादळात तो पडला, पुन्हा बांधला नाही. आत पूर्वेच्या बाजूला दोन कमानींच्या मध्ये एक दगडी सैतान बसलाय, एक पाय दुसऱ्यावर टाकून, लिंकनचा इम्प म्हणतात त्याला. नातवानं तो आमच्या कुणाच्याही आधी शोधला.

तिथेच एलिनॉर राणीचं एक थडगं आहे. १२९० मध्ये ती लिंकनजवळच्या एका खेड्यात वारली. देह लंडनला न्यायचा होता, आतडी इथे पुरली. आणि तिच्या नवऱ्यानं, एडवर्ड राजानं, तिची पालखी जिथे जिथे रात्री थांबली तिथे एकेक दगडी क्रूस उभारला, एकूण बारा. पहिला लिंकनचा, त्याचा एक तुकडा किल्ल्याच्या हिरवळीवर ठेवलाय. सकाळी ही त्याच्या शेजारच्याच बाकावर बसली होती, तेव्हा ते काय आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी बहुतेक दिवशी गायनासह प्रार्थना असते, तिला तिकीट लागत नाही. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. लहान मुलांचे आवाज त्या छताखाली वर जाताना ऐकले आणि हिनं डोळे मिटून घेतले.

परतीला उतारावरून चौघंही चालत आलो, हिनं कठडा धरला होता. दिवे लागले नव्हते. गाडीत नातू माझ्या खांद्यावर झोपला. न्यूअर्क गेल्यावर ही म्हणाली, “अहो, ते मोळीचं कलम मला लिहून द्या.” मी छापील कागदाच्या पाठीमागे मराठीत लिहून दिलं, आणि तिनं घडी करून पर्समध्ये ठेवलं.